शौकीन, रसिक आणि मोटारींची मासिके

मोटारींवर जीव असलेल्या माणसासाठी मराठीत नेमका असा एक शब्द नाही. त्याला हौशी म्हणावे तर त्या शब्दाला अपुऱ्या तयारीची छटा चिकटलेली आहे. हौशी नाट्यसंस्था म्हटले की व्यावसायिकाहून काही कमी, असा अर्थ आपोआप होतो. शौकीन म्हणावे तर खिशाचा उल्लेख झाल्यासारखा वाटतो, कारण शौक बहुधा परवडण्याशी बांधलेला असतो. छांदिष्ट या शब्दात घरच्या मंडळींची तक्रार ऐकू येते. राहता राहिला रसिक. गाणे, नाटक, कविता यांच्यासाठी राखून ठेवलेला हा शब्द यंत्राच्या बाबतीत वापरताना मराठी माणूस थोडा अडखळतो. तरीही मोटारींविषयीच्या चांगल्या नियतकालिकांचा विचार करू लागले की हाच शब्द जवळचा वाटतो. शौकिनाला वस्तू हवी असते. रसिकाला ती वस्तू कशामुळे चांगली झाली हे समजून घ्यायचे असते, आणि त्यासाठी ती त्याच्या मालकीची असावी लागत नाही.

हा भेद आज मांडण्याचे कारण असे की, मोटारींच्या मासिकांपैकी कोणते वाचावे आणि कोणते ग्रंथालयात ठेवावे, हा प्रश्न इंटरनेटच्या आगमनानंतर पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. एकेकाळी नव्या मोटारीची किंमत, इंजिनाची क्षमता, वजन, लांबी-रुंदी, झालेच तर चार छायाचित्रे, एवढ्यासाठीही मासिकाची वाट पाहावी लागे. आता मोटार बाजारात येण्याच्या दिवशीच हे सारे कोणालाही, कोठेही, फुकट मिळते. इंजिनाचा आवाज ऐकवणारी चित्रफीतही सोबत असते. इतकेच नव्हे, तर एखादी मोटार दहा वर्षे वापरलेल्या शेकडो मालकांचे अनुभव इंटरनेटवर वाचता येतात, आणि त्या बाबतीत तीन दिवस मोटार चालवून लेख लिहिणारा पत्रकार त्यांची बरोबरी करू शकत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मग मासिकाकडे उरते काय? काहीच उरत नाही, असे व्यापारी जगाने अनेकदा ठरवून टाकले आहे. अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये एकाच प्रकाशनसंस्थेने आपल्या २२ मोटार-मासिकांपैकी १९ मासिकांची छपाई बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांतली काही अनेक दशके चाललेली होती. त्यांच्या बंद होण्याने किती वाङ्मय संपले आणि किती केवळ माहिती संपली, याचा हिशेब मात्र फारसा कोणी केला नाही.

तो हिशेब करायचा तर या नियतकालिकांच्या उगमाकडे जावे लागते. इंग्लंडमध्ये ‘ऑटोकार’ हे नियतकालिक १८९५ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. त्या वेळी त्या देशात मोटारी अगदी थोड्या होत्या, आणि ज्या होत्या त्यांना १८६५ च्या कायद्यानुसार गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात दोन मैल यांहून अधिक वेगाने जाण्यास बंदी होती. यंत्रवाहनापुढे एक माणूस पायी चालत राहावा, अशीही अट होती. ही बंधने १८९६ मध्ये सैल झाली. म्हणजे मोटार रस्त्यावर मोकळेपणाने धावू लागण्याच्या आधी तिच्याविषयीचे नियतकालिक धावू लागले होते. ज्या वस्तूवर लिहायचे ती वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिलेलीही नव्हती. अशा स्थितीत लेखकाला वस्तू डोळ्यांसमोर उभी करावीच लागते. मोटार-लेखनात वर्णनाला जे महत्त्व आले त्याचे मूळ या आरंभकाळात शोधता येते.

भारतातील एका संपूर्ण पिढीने हाच अनुभव अधिक तीव्रतेने घेतला. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तोपर्यंत येथील मध्यमवर्गीय माणसासमोर जेमतेम तीन पर्याय होते: उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर, कुर्ल्याची फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, आणि मद्रासची स्टॅण्डर्ड. त्यातलीही हवी ती मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा देशात मोटारींची तुलना करणाऱ्या मासिकाचे प्रयोजन काय असणार? आणि तरीही मुंबईच्या फ्लोरा फाउंटनपाशी, पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, परदेशी मोटार-मासिकांचे वर्ष-दोन वर्षांपूर्वीचे अंक विकले जात आणि घेतले जात. घेणाऱ्याकडे सायकल असे, फार तर स्कूटर. ज्या मोटारीत बसण्याचा योग आयुष्यात येणार नाही, तिच्या तिसऱ्या गिअरमधील ओढीविषयी तो तन्मयतेने वाची. त्याला शौकीन म्हणता येणार नाही, कारण शौक करण्यासारखे त्याच्यापाशी काही नव्हते. त्याच्या वाट्याला आले ते फक्त वाक्य, आणि त्या वाक्यातूनच त्याला मोटारीचा प्रत्यय घ्यावा लागला. मासिकाची पारख करण्यास हा वाचक कदाचित सर्वांत योग्य होता. ज्याला वस्तू विकत घ्यायची नसते त्याला चुकीच्या कारणासाठी मासिक आवडण्याचा धोका कमी असतो.

अशा वाचकाच्या कसोट्या कोणत्या असतील? पहिली अर्थातच सत्याची. मोटारीविषयी मासिक जे सांगते ते त्याने स्वतः तपासलेले आहे की उत्पादकाने हाती दिलेले आहे? ‘ऑटोकार’ने १९२८ पासून पद्धतशीर रस्ता-चाचण्या छापण्यास सुरुवात केली. मोटार प्रत्यक्ष चालवायची, वेग, ब्रेक आणि इंधनाचा खप स्वतः मोजायचा आणि ते आकडे ठरावीक तक्त्यात द्यायचे. हा तक्ता दिसायला रूक्ष. परंतु त्याच्यामुळे एका मोटारीची दुसरीशी, आणि आजच्या मोटारीची वीस वर्षांपूर्वीच्या मोटारीशी तुलना शक्य झाली. भारतात उत्पादक जो इंधनखप जाहीर करतात तो पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थेतील नियंत्रित चाचणीतला असतो. रोजच्या रहदारीत मोटार प्रत्यक्ष किती ‘ॲव्हरेज’ देते, हा प्रश्न त्याने सुटत नाही. जे मासिक टाकी भरून, शहरात आणि महामार्गावर मोटार चालवून हा आकडा स्वतः काढते, ते वाचकाची एक साधी पण खरी सेवा करते.

अर्थात मोजलेला आकडाही खरा असतोच असे नाही. अमेरिकेतील ‘कार अँड ड्रायव्हर’च्या १९६४ च्या मार्च अंकात पाँटिॲक जीटीओ आणि फेरारी जीटीओ यांची तुलना गाजली. नावे सारखी, किंमतींत जमीन-अस्मानाचे अंतर, आणि तरी अमेरिकन मोटारीचे आकडे थक्क करणारे. त्या एका लेखाने मासिकाची कीर्ती झाली, पाँटिॲकचीही झाली. पुढे अनेक वर्षांनी, त्या मोटारीच्या जाहिरातीचे काम पाहणाऱ्या गृहस्थांनीच कबूल केले की, चाचणीसाठी दिलेल्या पाँटिॲकमध्ये ग्राहकाला मिळणारे ३८९ घनइंचांचे इंजिन नव्हते. त्याच्या जागी ४२१ घनइंचांचे मोठे इंजिन बसवलेले होते. शिवाय दोन्ही मोटारी प्रत्यक्षात शेजारी शेजारी धावल्याच नव्हत्या. लेख मात्र आजही वाचनीय आहे, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. चांगल्या गद्याला खोटे पचवण्याची शक्ती असते. साहित्याच्या अभ्यासकाला ही गोष्ट नवी नाही, पण मोटारीच्या मासिकात ती ग्राहकाच्या पैशाशी आणि कधी जिवाशी येऊन भिडते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण स्वीडनचे आहे. ‘टेक्निकेन्स वॅर्ल्ड’ या मासिकाने ऑक्टोबर १९९७ मध्ये मर्सिडीज-बेन्झच्या नव्या छोट्या ए-क्लास मोटारीची चाचणी घेतली. तेथील रस्त्यांवर एल्क हे मोठे सांबरासारखे जनावर अचानक आडवे येते. अशा वेळी चालकाला मोटार झटकन एका बाजूला वळवून पुन्हा मूळ मार्गिकेत आणावी लागते. ही हालचाल करून पाहताना नवी मोटार उलटली. जगातील अत्यंत प्रतिष्ठित उत्पादकाविरुद्ध एका छोट्या देशातील मासिकाने दिलेला हा निकाल प्रथम गंभीरपणे घेतला गेला नाही. तथापि काही आठवड्यांतच कंपनीला विक्री थांबवावी लागली, विकलेल्या मोटारींत दुरुस्ती करावी लागली आणि घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सर्व ए-क्लास मोटारींत बसवावी लागली. महागड्या मोटारींपुरती मर्यादित असलेली ती यंत्रणा छोट्या मोटारींत रुळण्यास या प्रसंगाने मोठी चालना दिली. त्या मासिकाची भाषा किती सुंदर होती, हा प्रश्न येथे गौण ठरतो. त्याने स्वतः मोटार चालवली, जे घडले ते छापले, आणि नंतर आपल्या म्हणण्यावर ते ठाम राहिले.

स्वातंत्र्याची याहून कडक शिस्त अमेरिकेतील ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ने पाळली. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या ग्राहक संघटनेचे हे नियतकालिक जाहिराती घेत नाही आणि चाचणीच्या मोटारी आपली ओळख न देता दुकानातून विकत घेते. शौकिनांना ते नीरस वाटते. त्यात वळणदार घाटाचे वर्णन नसते आणि इंजिनाच्या गाण्याला स्थान नसते. पण पाँटिॲकसारखी फसवणूक तेथे होऊ शकत नाही, कारण पाठवण्यासाठी खास मोटार तयार करायला उत्पादकाला पत्ताच नसतो. रसिकाने आपल्या आवडीच्या मासिकाशेजारी असे एक नीरस मासिकही ठेवावे. समीक्षेच्या वाचकाने अधूनमधून शब्दकोश उघडावा, तसेच हे आहे.

सत्याच्या कसोटीलाही एक सीमा आहे, हे येथेच नोंदवले पाहिजे. २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनच्या डिझेल इंजिनांतील फसवणूक उघड झाली. प्रयोगशाळेत ही इंजिने स्वच्छ दिसत, रस्त्यावर मात्र ती मर्यादेच्या कित्येक पट अधिक नायट्रोजन ऑक्साइड सोडत. ही गोष्ट कोणत्याही मोटार-मासिकाच्या चाचणीतून बाहेर आली नाही. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोटारीच्या मागे मोजणीयंत्र बांधून ती महामार्गावर चालवली, तेव्हा संशयाला आधार मिळाला. त्याच डिझेल मोटारींची ओढ आणि त्यांचा इंधनखप यांची मासिके वर्षानुवर्षे स्तुती करत आली होती. ती स्तुती त्यांच्या परीने खरी होती. मासिकांनी जे मोजले ते बरोबर मोजले. जे मोजले नाही त्याचा विचार केला नाही. एखादे मासिक काय मोजायचे ठरवते, यावरून त्याचे मूल्यभान कळते.

दुसरी कसोटी गद्याची. इंग्लंडमधील ‘मोटर स्पोर्ट’ हे मासिक १९२४ मध्ये ‘ब्रुकलँड्स गॅझेट’ या नावाने निघाले. बिल बॉडी यांनी १९३६ पासून १९९१ पर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षे, त्याचे संपादन केले. दुसऱ्या महायुद्धात शर्यती बंद असतानाही ते चालू ठेवले. याच मासिकाच्या जून १९५५ च्या अंकात डेनिस जेंकिन्सन यांचा लेख प्रसिद्ध झाला. इटलीतील ‘मिल्ले मिल्या’ ही ब्रेशियाहून रोमपर्यंत आणि परत ब्रेशियापर्यंतची, सुमारे १६०० किलोमीटरची, सार्वजनिक रस्त्यांवरील शर्यत. त्या वर्षी १ मे रोजी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी स्टर्लिंग मॉस यांची मर्सिडीज निघाली, म्हणून तिचा क्रमांक ७२२. शेजारच्या आसनावर जेंकिन्सन होते. त्यांनी आधी सारा मार्ग पुन्हा पुन्हा फिरून प्रत्येक धोक्याच्या वळणाची नोंद एका लांबलचक कागदी पट्टीवर केली होती. ही पट्टी एका पेटीत दोन रुळांवर गुंडाळलेली असे, आणि ते ती हाताने पुढे सरकवत मॉस यांना खुणा करत. इंजिनाच्या आवाजात बोलणे अशक्य होते. वाटेत उलटी होऊन डोके बाहेर काढताच वाऱ्याने त्यांचा चष्मा उडवून नेला, आणि खिशातला दुसरा चष्मा लावून त्यांनी काम चालू ठेवले. १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत, ताशी १५७ किलोमीटरच्या सरासरीने, ते पहिले आले.

या लेखाचे मोठेपण विजयात नाही. लेखक येथे प्रेक्षकाच्या कठड्यावरून उतरून मोटारीत बसला आहे, आणि तरीही त्याने स्वतःला नायक केलेले नाही. जेंकिन्सन १९४९ मध्ये साइडकार मोटारसायकलच्या शर्यतीत एरिक ऑलिव्हर यांचे सहस्वार म्हणून जगज्जेते ठरलेले होते. दुसऱ्याच्या हाती वेग सोपवून आपले काम बिनचूक करत राहणे म्हणजे काय, हे त्यांच्या शरीराला माहीत होते. म्हणून त्यांच्या गद्यात भय आहे, पण भयाचे प्रदर्शन नाही; तांत्रिक तपशील आहे, पण तो अनुभवाच्या आड येत नाही. त्या शर्यतीची माहिती आज इंटरनेटवर क्षणात मिळते, आणि मोटारीचे चित्रीकरणही सापडते. तरीही वळणाच्या अलीकडे खूण केल्यानंतर चालकाने ती पाहिली की नाही, या एका क्षणाचा ताण त्या लेखाशिवाय दुसरीकडे मिळत नाही.

या परंपरेत इतर नावे येतात. एल. जे. के. सेटराइट यांनी ‘कार’ मासिकात दीर्घकाळ स्तंभ लिहिला. कायद्याचे शिक्षण घेतलेला आणि संगीताचा जाणकार असलेला हा लेखक टायरच्या रबराविषयी लिहिता लिहिता रोमन इतिहासात जाई, आणि वाचकाने मागे मागे यावे अशी त्याची अपेक्षा असे. अमेरिकेतील ‘रोड अँड ट्रॅक’चे पीटर ईगन पूर्वी विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे परदेशी मोटारींच्या गॅरेजात मेकॅनिक होते. त्यांच्या स्तंभांत बंद पडलेली जुनी इंग्रजी मोटार, थंडीने गारठलेले गॅरेज आणि मध्यमवयीन माणसाची न संपणारी आशा यांची सरमिसळ असे. एकाचे गद्य विद्वत्तेने जड, दुसऱ्याचे बोलीच्या अंगाने जाणारे. दोघांच्या बाबतीत एक गोष्ट समान आहे: ज्याला त्या मोटारीत काडीचा रस नाही त्यालाही तो लेख शेवटपर्यंत वाचवतो. साहित्याच्या विद्यार्थ्याने या लेखनाकडे प्रवासवर्णन किंवा व्यक्तिचित्र यांच्या शेजारचा गद्यप्रकार म्हणून पाहण्यास हरकत नसावी. नियतकालिक हाच त्याचा जन्मजात आश्रय असल्याने ग्रंथांच्या इतिहासांत त्याची नोंद सहसा होत नाही.

तिसरी कसोटी नैतिक म्हणावी अशी आहे, आणि तिच्यापुढे जेंकिन्सनसारखा लेखकही निरुत्तर होतो. मिल्ले मिल्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ११ जून १९५५ रोजी, ल मान्सच्या शर्यतीत एक मोटार प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. १९५७ च्या मिल्ले मिल्यामध्ये पुन्हा प्रेक्षक, त्यांत मुलेही, दगावले, आणि ती शर्यत त्या रूपात कायमची बंद झाली. पुढे जॅकी स्टुअर्ट या विश्वविजेत्या चालकाने, १९६६ मध्ये स्वतः अपघातात सापडल्यानंतर, शर्यतीच्या मार्गांवर कठडे, वैद्यकीय मदत आणि आसनपट्टे यांसाठी चळवळ उभारली. जेंकिन्सन यांना ती पटली नाही. शर्यतीचा आत्माच या मागण्यांनी मारला जाईल, असे त्यांना वाटत होते, आणि ‘मोटर स्पोर्ट’मधून त्यांनी स्टुअर्ट यांच्यावर कठोर टीका केली. स्टुअर्ट यांनी उत्तर पाठवले, आणि ते त्याच मासिकाने छापले. इतिहासाने स्टुअर्ट यांची बाजू उचलून धरली. परंतु त्या मासिकाचे जुने अंक चाळणाऱ्याला दोन्ही बाजू एकाच ठिकाणी, एकमेकींसमोर, त्यांच्या मूळ शब्दांत सापडतात. आपल्या सर्वांत मान्यवर लेखकाला खोडून काढणारे पत्र जे मासिक छापते, त्याच्यावर वाचक पुढेही विश्वास टाकू शकतो.

हा प्रश्न भारतातील वाचकाला दूरचा वाटू नये. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा देशात वेगाचे कौतुक करणाऱ्या लेखनाने कोणती जबाबदारी घ्यायची? जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या मोटारींच्या मूळ आवृत्त्या भिंतीवर आदळून पाहिल्या, आणि पाचांपैकी एकीलाही प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी एकही तारा मिळाला नाही. सरकारची भारत एनकॅप ही योजना ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. मधल्या काळात कोणत्या मासिकाने मोटारीच्या आसनांच्या कापडाला किती ओळी दिल्या आणि सांगाड्याच्या मजबुतीला किती, हे जुने अंक काढून कोणालाही पाहता येईल. तशी पाहणी साहित्याच्या किंवा पत्रकारितेच्या विद्यार्थ्याने अवश्य करावी. रसिकतेचा अर्थ दोषांकडे डोळेझाक असा कोणत्याही कलेत होत नाही. येथे तर त्या डोळेझाकीची किंमत दुसराच कोणी मोजत असतो.

भारतात या प्रकारच्या मासिकांना बहर आला तो उदारीकरणानंतर. १९९३ मध्ये प्रवासी मोटारींच्या उत्पादनावरील परवान्याचे बंधन गेले, परदेशी कंपन्या आल्या, १९९८ च्या अखेरीस पुण्याजवळ तयार झालेली टाटा इंडिका लोकांसमोर आली. त्याच वर्षी ‘ओव्हरड्राइव्ह’ आणि १९९९ मध्ये ‘ऑटोकार इंडिया’ ही मासिके मुंबईतून निघाली. निवडण्यासारखे काही समोर आले तेव्हाच निवडीची चर्चा करणारे लेखन जन्मले, हे स्वाभाविकच होते. येथील खड्डे, येथील भेसळ होऊ शकणारे इंधन, पाच माणसे आणि सामान घेऊन घाट चढण्याची येथील सवय, या गोष्टी परदेशी मासिकाला सुचणाऱ्या नव्हत्या. त्या या मासिकांनी चाचणीत आणल्या आणि वाचकाची सोय केली.

पण ही मासिके इंग्रजी आहेत. मराठी मुलखाच्या बाबतीत यात एक विसंगती आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मोटारी बनतात, आणि त्या दुरुस्त करणारा मिस्त्री मराठीत बोलतो. त्याची भाषा अचूक आहे. गाडी ‘पिकअप घेत नाही’, स्टिअरिंग ‘एका बाजूला ओढते’, चढावर इंजिन ‘दम टाकते’, क्लच ‘घसरतो’: या प्रयोगांत निदान असते आणि प्रतिमाही असते. इंग्रजी परीक्षणकार स्टिअरिंगच्या स्पर्शाविषयी जे सांगण्यासाठी परिच्छेद खर्च करतो, ते मिस्त्री अर्ध्या वाक्यात सांगतो. ही बोली कागदावर आणणारा गद्यकार मराठीला मिळाला तर भाषेची एक नवी खोली उघडेल. असे होणे अशक्य मानण्याचे कारण नाही. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून शं. वा. किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, तेव्हा तीही नांगर आणि यंत्रे बनवणाऱ्या एका उद्योगाची पत्रिकाच होती. तिच्यातून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक घडले आणि मराठी मध्यमवर्गाच्या विचारविश्वाला त्याने वळण लावले. कारखाना आणि वाङ्मय यांच्यामधली भिंत मराठीत पूर्वी एकदा ओलांडली गेली आहे.

इंटरनेटच्या काळात निवड करणाऱ्याला आणखी एका मोहापासून जपावे लागते. छापील मासिके कमी होत असताना काही नवी मासिके जाड कागदावर, मोठ्या आकारात, वर्षातून मोजक्याच वेळा आणि भरपूर किंमतीला निघू लागली आहेत. त्यांची छायाचित्रे देखणी असतात. दिवाणखान्यातील मेजावर ती शोभून दिसतात. त्यांपैकी काहींत उत्तम संशोधनपर लेखनही येते, पण काहींत कागदाची जाडी हाच आशय असतो. शौकीन अशा ठिकाणी सहज फसतो. छायाचित्र झाकून मजकूर वाचला तर काय उरते, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

ग्रंथालयांच्या बाबतीत प्रश्न अधिक निकडीचा आहे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले एक वाचकाचा वेळ जपण्याविषयी आहे. माहितीचा दुष्काळ होता तेव्हा वेळ जपणे म्हणजे ग्रंथ लवकर हाती देणे. माहितीचा पूर आल्यावर त्याच सूत्राचा अर्थ नेमके थोडे निवडून देणे असा होतो. ग्रंथपालाने एखाद्या मोटार-मासिकाची वर्गणी भरण्यापूर्वी त्याचे तीन अंक मागवावेत, आणि त्यांतला एक पाच वर्षांपूर्वीचा असावा. त्या जुन्या अंकातली भाकिते आज कशी दिसतात ते पाहावे. मोठ्या जाहिरातदाराच्या मोटारीवर कठोर परीक्षण कोठे आहे का, ते शोधावे. वाचकांची पत्रे वाचावीत आणि मासिकाला चूक दाखवणारे पत्र त्यांत आहे की नाही हे तपासावे. मासिकाने एखादी मोटार वर्षभर स्वतःकडे ठेवून तिच्या दुरुस्तीचा खर्च नोंदवला आहे का, हेही पाहावे. एवढ्यावर उतरणारी मासिके थोडी असतील. ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकालाही थोडीच परवडतात.

आणि घेतलेली मासिके जपावीत. ‘मोटर स्पोर्ट’सारख्या मासिकाने आपले १९२४ पासूनचे अंक संगणकावर उपलब्ध केले आहेत, आणि तेथे इंटरनेट मासिकाच्या मदतीलाच आले आहे. भारतीय मासिकांच्या बाबतीत मात्र १९९० च्या दशकातले अंक अनेक ठिकाणी रद्दीत गेले. वर्ष उलटले की मोटारीचे मासिक शिळे होते, अशी समजूत त्यामागे आहे. परंतु एका समाजाने प्रथमच निवड करायला शिकताना काय पाहिले, कशाला भुलला, वेग म्हणजे काय समजला आणि सुरक्षिततेविषयी किती उशिरा विचारू लागला, याची महिन्या-महिन्याची नोंद त्या अंकांत आहे. जाहिरातींसकट बांधून ठेवलेला एक वर्षाचा संच पुढील काळातील सामाजिक इतिहासकाराला कादंबरीइतकाच उपयोगी पडेल. मोटारी भंगारात जातील, ते त्यांचे प्राक्तनच आहे. त्यांच्याविषयीचे चांगले गद्य मात्र कोणी तरी निवडून बाजूला ठेवले तरच टिकेल, आणि ते काम ग्रंथालयाचे आहे.